टिपणीसबाई आणि काळी पट्टी

टिपणीसबाईंनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. त्यांची निंदा करायची म्हणून मी हे लिहीत नाही. त्या स्वतःच हे सांगायच्या, आणि एखादी बाई आपण चहात साखर घेत नाही असं सांगते, तितक्या सहजपणे सांगायच्या.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघी तपासणी खात्यात होतो. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. बाई उंच, हाडकुळ्या, साडीचा पदर पिनेनं पक्का केलेला, चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात. कारखान्याची मापाची साधनं असतानाही पर्समध्ये स्वतःचं व्हर्नियर ठेवायच्या. सगळ्यांना आडनावानं हाक. मी 'भोईर'. शिपाई 'पवार', आणि कारखान्याचे मालकही त्यांच्या पाठीमागे नुसते आडनावाचे. कुणी तोंडी काही सांगायला आलं की त्यांचं एकच उत्तर: "लेखी द्या." माझ्या लग्नाचं आमंत्रण मी तोंडी दिलं तेव्हाही त्यांनी पत्रिकेसाठी हात पुढे केला होता.

त्यांचा राग कधी आवाजात यायचा नाही, ही त्यांची खरी गंमत. एकदा आनंदानं हसत एक वर्कशॉपवाला पिनांचा माल घेऊन आला. बाईंनी त्यातल्या दोन पिना बाजूला काढल्या आणि जाड आहेत म्हणाल्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईमाणसाला मायक्रॉन काय कळणार? घरी जाऊन कुकर लावायचा असतो त्यांना." रीतीप्रमाणे शंभरातले दहा नग मोजून माल पास करायचा असतो. त्या दिवसापासून त्या माणसाचा प्रत्येक नग त्यांनी स्वतः मोजला. पाचशे आले तर पाचशे, हजार आले तर हजार. त्याचा टेम्पो दारात चार-चार तास उभा राहायचा. तीन वर्षं! शेवटी तो हात जोडून उभा राहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा एकही चांगला नग मी परत पाठवलेला नाही. नीट बघा." आणि ते खरं होतं. नियम मोडून त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही. नियम पाळून मात्र माणसाला रडकुंडीला आणायच्या.

शिवमंदिराच्या बाजूला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. शेजारच्या दळवीवहिनी एकदा जिन्यात कुणाला तरी म्हणाल्या होत्या, की हिचं लग्न जमलं नाही ते हिच्या तोंडामुळे. तेवढ्यावरून बाईंनी त्यांच्याशी चौदा वर्षं अबोला धरला. भिंतीला भिंत लागून. एका दुपारी दळवींना छातीत कळ आली. बाईंनीच रिक्षा आणली, त्यांना आधार देऊन दोन जिने उतरवलं, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना सगळं सांगितलं. दळवीवहिनी शेजारच्याच बाकावर रडत होत्या. बाईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली, पण शब्द काढला नाही. दळवी बरे होऊन घरी आले आणि अबोला पुढे चालू राहिला.

माझ्या सासूबाई बदलापूरकडच्या, आमची आगरी भाषा बोलणाऱ्या. बाई एकदा घरी येऊन गेल्यावर त्या म्हणाल्या, "गो मंदा, ही बाय लय चांगली हाय. पन हिचे वाकड्यात नको जाव."

बाईंच्या घरात त्यांच्याशिवाय एकच माणूस. शरद, त्यांचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले तेव्हा तो शाळेत होता. बाईंनीच त्याला शिकवलं, एका केमिकल कंपनीत चिकटवलं. मग तो प्यायला लागला. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. घरातल्या दोन-तीन वस्तूही गेल्या, त्या कुठे गेल्या ते सगळ्यांना माहीत होतं. आणि मग एका वर्षी, दारू सोडणाऱ्यांच्या एका गटात जाऊन, त्यानं ती खरोखर सोडली. मी सांगतेय त्या वेळी त्याला चार वर्षं होऊन गेली होती. घरचं सगळं तो बघायचा. बाजार, बिलं, दुरुस्त्या. बाईंचं एटीएम कार्ड कपाटाच्या खणात असायचं आणि पिन त्याला ठाऊक होता. हा विश्वास त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत. खणाला कुलूप लावत नसत, एवढंच.

त्या सुमाराला बँका जुनी कार्डं बदलून चिपची देत होत्या. आमच्या पगाराच्या बँकेनंही दिली. पुढच्या बाजूला चौकोनी सोनेरी चिप, मागे पूर्वीसारखीच काळी पट्टी. शाखेत मोठा फलक लागला होता, चिपचं कार्ड पूर्ण सुरक्षित.

कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावे लागायचे. एके दिवशी सुटी झाल्यावर बाईंनी फोन हातात घेतला आणि त्या तिथेच थबकल्या. बँकेचे एकापाठोपाठ एक संदेश आले होते. दुपारच्या अर्ध्या तासात, उल्हासनगरच्या एका एटीएममधून, दिवसाची मर्यादा संपेपर्यंत पैसे काढले गेले होते.

"भोईर, चला," त्या म्हणाल्या. आम्ही रिक्षानं थेट बँकेत गेलो. शाखा बंद व्हायच्या बेतात होती. मॅनेजर प्रभुदेसाईंनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं. पंचावन्नच्या पुढचा, टापटीप माणूस, टेबलावर गणपतीची छोटी मूर्ती. त्यांनी संगणकावर बघितलं आणि खुर्ची मागे रेटली.

"मॅडम, हे चिपचं कार्ड आहे. चिपची नक्कल होत नाही. आणि पिन पहिल्याच झटक्यात बरोबर टाकलाय. कार्ड कुठे होतं?"

"घरी. कपाटात."

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि भाऊ."

"काय करतात भाऊ?"

"सध्या घरीच असतो."

"हं," प्रभुदेसाई म्हणाले.

एवढंच. पण तो 'हं' मी अजून विसरलेले नाही, मग बाई कुठून विसरणार. अंबरनाथ तसं लहान गाव. शरदचे पूर्वीचे प्रताप त्यांच्याही कानावर असणार. त्यांनी कार्ड बंद करवलं, तक्रारीचा अर्ज पुढे केला, आणि बाईंनी सही केल्यावर आमच्यादेखत खालच्या रकान्यात लिहिलं: 'घरातील व्यक्तीकडून वापर झाल्याचा संशय.'

मी बाईंबरोबर घरी गेले. शरदनं दार उघडलं, चहा टाकला. ओट्यावर मिक्सर होता. तो सकाळी बंद पडला होता आणि शरद दुपारीच तो दुरुस्त करून घेऊन आला होता. उल्हासनगरहून.

बाई खुर्चीत बसल्या. "मिक्सर कुठे दिला होतास?"

त्यानं दुकान सांगितलं.

"किती वाजता?"

शरदचा हात चहाच्या भांड्यावर थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. "काय झालं, ताई?"

त्यांनी सांगितलं. अगदी थोडक्यात. शर्टाच्या खिशातून दुकानाची पावती काढून त्यानं त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा लावला, पावती उलटसुलट करून बघितली, आणि आयुष्यभर नग तपासले त्या आवाजात म्हणाल्या, "यावर वेळ नाही लिहिलेली, शरद."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. शरदनं गॅस बंद केला. तिसऱ्या दिवशी तो बॅग भरून निघून गेला. गटातल्या एका मित्रानं त्याला चिखलोलीच्या एका नव्या इमारतीत वॉचमनची नोकरी आणि राहायला खोली मिळवून दिली.

तो गेल्यानंतरच्या सोमवारी बाई कामावर आल्या, टेबल पुसलं आणि म्हणाल्या, "भोईर, त्या माणसानं मला माझ्या भावाची झडती घ्यायला लावली. त्याला मी सोडणार नाही." मी म्हटलं, "बाई, आधी शरदभाऊंना फोन करा." त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

सुरुवात त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केली. स्वतः कार्ड कुठे कुठे वापरलं याची त्यांनी महिनाभराची यादी काढली. चोरीच्या पाच दिवस आधी स्टेशनजवळच्या एटीएममधून त्यांनी पैसे काढले होते. मला घेऊन त्या तिथे गेल्या. कार्ड आत घालायची फट त्यांनी बोटानं चाचपली, बॅटरी मारून बघितली. फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचा पिवळट गोंद राहिला होता, अगदी सरळ रेषेत. कीपॅडच्या वर, छपराच्या आतल्या अंगालाही तसाच. बाईंनी व्हर्नियर लावून गोंदाची रुंदी मोजली, शेजारी पट्टी धरून फोटो काढले. रखवालदार विचारायला आला तर म्हणाल्या, "इथे काहीतरी चिकटवलं होतं आणि नंतर काढलं. तुम्ही कुठे होतात?"

गोंदाचा अर्थ सांगितला तो लछमनभाईंनी. उल्हासनगरात कार्डाची मशीनं विकायचं आणि दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनचं मशीन त्यांच्याकडचंच. गोल चेहऱ्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. बाईंना ते 'अदी' म्हणायचे, सिंधीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. त्यांनी बाईंचं बंद झालेलं कार्ड घेतलं आणि काळी पट्टी एका छोट्या यंत्रातून ओढली. संगणकावर आकड्यांची एक ओळ उमटली. पुन्हा ओढली. तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच.

"देखो अदी, पट्टी में जो लिखा है वो कभी बदलता नहीं. एटीएम के मुँह पे अपना रीडर चिपका दिया, तुम्हारा कार्ड उसमें से गुजरा, पूरी लाइन उसके पास. ऊपर छोटा कैमरा, उसमें पिन. फिर कोरे कार्ड पे वही लाइन चढ़ा दी. हो गया दूसरा कार्ड."

"आणि चिप?"

"चिप के अंदर चाबी है, वो बाहर आती ही नहीं. मशीन हर बार नया सवाल पूछती है, चिप हर बार नया जवाब देती है. पुराना जवाब दुबारा चलता नहीं. उसकी नकल मैंने तो आज तक नहीं देखी."

"मग मॅनेजर खरं बोलला," बाई म्हणाल्या.

"आधा खरं," लछमनभाई मराठीत शिरत म्हणाले. "चिप आहे, पण मागे पट्टी पण आहे ना? जुना एटीएम चिप वाचतच नाही. पट्टी वाचतो. चोराला चिप पाहिजेच कशाला?"

बाईंनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. पैसे काढले तेव्हा मशीननं चिप वाचली की पट्टी, हे कुठे नोंदलेलं असतं का?

"हर एंट्री में, अदी. दो अंक का कोड. चिप का अलग, पट्टी का अलग. बैंक को सब दिखता है."

परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "दोन अंक. त्याच्याकडे दोन अंक होते आणि तो 'हं' म्हणाला."

ते दोन अंक मिळवायला त्यांना सव्वा वर्ष लागलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, दावा अमान्य. तिसऱ्याला, ही माहिती गोपनीय आहे. बाई पत्रं लिहीत राहिल्या आणि शिवाय बँक उघडी असेल त्या प्रत्येक शनिवारी शाखेत जायला लागल्या. टोकन घ्यायच्या, नंबर येईपर्यंत बसायच्या, नंबर आला की काउंटरवरच्या मुलीला शांतपणे विचारायच्या, "माझं कार्ड कशावरून वाचलं गेलं? चिप की पट्टी?" ती म्हणायची, साहेबांना विचारा. साहेब म्हणायचे, वरून माहिती यायची आहे. बाई म्हणायच्या, "लेखी द्या." आणि पुन्हा नवीन टोकन घ्यायच्या. एका सकाळी चार-चार टोकनं. प्रभुदेसाई केबिनच्या काचेआडून बघायचे. पुढे पुढे त्यांनी काचेला पडदा लावून घेतला.

शाखेतल्या बाकावर बसूनच बाईंना बाकीची माणसं भेटली. निवृत्त शाळामास्तर काळे. रिक्षावाले म्हात्रे. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीजवळ पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई. एकेक करत सहा घरं, आणि बाईंचं सातवं. सगळ्यांनी त्याच आठवड्यात स्टेशनजवळचं तेच एटीएम वापरलं होतं. आणि सगळ्यांना प्रभुदेसाईंनी तेच सांगितलं होतं, घरातलंच कुणीतरी असणार.

बाईंनी कारखान्यातल्या तपासणी अहवालासारखा तक्ता केला. नाव, कार्ड, एटीएम, तारीख. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या अक्षरात घातला: 'संशय कुणावर घेतला.' मास्तरांच्या घरी मुलावर. म्हात्रेंकडे मेहुण्यावर. पोळीभाजीवाल्या बाईंनी सुनेवर घेतला होता आणि ती चार महिने माहेरी जाऊन बसली होती. सातव्या ओळीत बाईंनी लिहिलं, 'भाऊ'. लिहिताना पेन टेकलेलं राहिलं असावं, त्या शब्दाखाली शाईचा ठिपका पसरला होता.

सात जणांची तक्रार एकत्र बँकिंग लोकपालांकडे गेली. सुनावणीला मी बाईंबरोबर मुंबईला गेले होते. बँकेच्या वकिलांना नोंदी समोर ठेवाव्या लागल्या. सातही व्यवहारांत कोड एकच होता. पट्टीचा. चिप एकदाही वाचली गेली नव्हती. आणि त्याच कागदांमध्ये एक गोष्ट निघाली जी आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. बाईंच्या व्यवहाराची नोंद मुख्य कार्यालयानं तक्रारीनंतर आठव्या दिवशीच शाखेला पाठवली होती. प्रभुदेसाईंच्या फायलीत ती लावलेली होती. त्यांनी ती वाचलीच नव्हती. वाचायची गरज त्यांना वाटली नव्हती.

सगळ्यांचे पैसे परत आले. मास्तरांनी पेढे वाटले. मी बाईंना म्हटलं, "झालं बाई, जिंकलात."

"पैसे बँकेनं घालवले, बँकेनं दिले," त्या पेढा हातात धरून म्हणाल्या. "संशय प्रभुदेसाईचा आहे. तो त्यानं कुठे परत घेतलाय?"

त्यांनी मुख्य कार्यालयात प्रभुदेसाईंच्या नावानं वेगळी तक्रार केली. पुरावा फायलीत असताना न वाचता घरच्या माणसांवरचा ठपका तसाच ठेवला, अशी. चौकशी लागली. प्रभुदेसाईंची शाखा गेली. त्यांना उल्हासनगरच्या एका कार्यालयात, चेक तपासायच्या टेबलावर बसवलं. बढती थांबली.

एका रविवारी सकाळी ते बाईंच्या दारात आले. मी तिथेच होते. वर्षभरात माणूस बराच उतरला होता.

"मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ही चौकशी अशीच राहिली तर मी त्याच टेबलावरून घरी जाईन. माझं चुकलं. तक्रारीचं काही होऊ शकेल का?"

"कुणाचं चुकलं म्हणालात?"

"माझं."

"हे मला कशाला सांगता? माझ्यावर तुम्ही संशय घेतला नव्हता." त्यांनी तक्ता काढला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यांना सांगा. घरी जाऊन. आजच."

आणि खरोखर, त्या रविवारी आम्ही सात घरं फिरलो. म्हात्रेंच्याच रिक्षात. पुढे म्हात्रे, मागे मी, बाई आणि मध्ये प्रभुदेसाई. पहिलं घर म्हात्रेंचंच. मेहुणा बाहेर येईपर्यंत म्हात्रे मीटरशी उगाच चाळा करत बसले. मास्तरांच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. पोळीभाजीवाल्या बाईंची सून पिठाच्या हातांनीच दारात आली. प्रभुदेसाई बोलायला लागले तशी ती म्हणाली, "थांबा. आतून सासूबाईंना बोलावते. त्यांच्यासमोर म्हणा." त्यांना सासूसमोर पहिल्यापासून सगळं म्हणावं लागलं. बाई पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आनंद म्हणावा असं तिथे काही नव्हतं. एकेक नग मोजून होतोय, एवढीच नोंद होती.

सगळ्यात शेवटी चिखलोली. नव्या इमारतीच्या गेटवर शरद निळ्या गणवेशात बसला होता. बहिणीला बघून तो उभा राहिला नाही. प्रभुदेसाई पुढे झाले. सहा घरं बोलून त्यांचा आवाज बसला होता.

"शरदराव, मी तुमच्याबद्दल नको ते लिहिलं. नंतर कागद समोर आला, तोही मी वाचला नाही. मला माफ करा."

शरदनं आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा साहेब. उन्हातून आलात." समोरच्या टपरीवर जाऊन तो चहा घेऊन आला. एक ग्लास प्रभुदेसाईंना दिला, एक म्हात्रेंना, एक मला.

बाईंना दिला नाही.

"साहेब, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही मला ओळखत नव्हता. न ओळखणारा माणूस असं समजणारच. माझं मागचं होतंच तसं." मग पहिल्यांदा त्यानं बहिणीकडे बघितलं. "ही ओळखत होती."

मी माझा ग्लास बाईंपुढे धरला. त्यांनी मान हलवली. प्रभुदेसाई चहा पिता पिता रडायला लागले. शरदनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाई गेटच्या लोखंडी बारला धरून उभ्या होत्या. 

परतताना प्रभुदेसाईंना स्टेशनवर सोडलं. ते उतरून हात जोडून गर्दीत दिसेनासे झाले, तेव्हा मी म्हटलं, "उद्या तक्रार मागे घ्यायचं पत्र टाकूया का?"

"का?"

"का म्हणजे? सात घरं फिरला तो माणूस, बाई."

"मी मागे घेते असं म्हटलं होतं का त्याला?"

मी आठवून बघितलं. खरंच म्हटलं नव्हतं. "पण त्याला तसंच वाटलं असणार."

"त्याला शरदबद्दलही काहीतरी वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "चूक कबूल केली, चांगलं केलं. चूक केल्याची शिक्षा वेगळी."

म्हात्रेंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मला त्या क्षणी बाईंची भीती वाटली, आणि थोडी शिसारीही. तक्रार त्यांनी मागे घेतली नाही. प्रभुदेसाई चेकच्या टेबलावरूनच निवृत्त झाले, असं पुढे कुणीतरी सांगितलं. बाईंना मी ते कळवलं तेव्हा त्या मोजत होत्या तो नग पूर्ण मोजून, शिक्का मारून मग म्हणाल्या, "बरं."

एवढं सगळं झालं, पण एटीएमला तो रीडर लावणारे चोर कधी सापडले नाहीत. पोलिसांची फाइल बंद झाली. मी एकदा विचारलं, त्यांच्यावर राग नाही का? बाई म्हणाल्या, "चोरानं पैसे नेले. तो माझ्या घरात शिरला नाही."

त्या निवृत्त झाल्या, नंतर मीही. मुलीकडे नाशिकला कायमचं राहायला जायचं ठरलं तेव्हा निरोप घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. दळवीवहिनी म्हणाल्या, "रविवारी नसतात त्या. भावाकडे जातात." मला बरं वाटलं. रिक्षा करून मी चिखलोलीला गेले.

गेटबाहेर झाडाखाली सिमेंटचा बाक होता, त्यावर बाई बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, चष्मा दोरीला तसाच. गेटच्या आत, केबिनमध्ये शरद जेवत होता. पुढ्यात त्यांनी आणलेला डबा. दोघांत पाच-सहा पावलांचं अंतर. मी बाईंशेजारी बसले. मुलीचं, नाशिकचं बोलले. त्या ऐकत होत्या, पण लक्ष केबिनकडे होतं. जेवण झाल्यावर शरदनं नळावर डबा घासला, पुसला, बाहेर येऊन बाकाच्या टोकाला ठेवला. माझ्याकडे बघून हसला, "बऱ्या आहात ना, भोईरवहिनी?" बहिणीकडे बघितलं नाही. परत आत जाऊन बसला.

"बोलत नाही?" मी हळूच विचारलं.

"नाही."

"किती वर्षं असं?"

"प्रत्येक रविवारी येते. डबा घेतो. घासून देतो."

"तुम्ही एकदा त्याला म्हणा ना, बाई. माझं चुकलं म्हणून."

"म्हटलं. पहिल्याच रविवारी म्हटलं. पत्रातही लिहिलं." त्यांनी डबा पिशवीत ठेवला, पिशवीचे बंद जुळवले. "वाचलं त्यानं. पत्र ठेवूनही घेतलं."

"मग?"

"मग काय? त्याला माफ करायचं नाहीये."

मला वाईट वाटलं आणि रागही आला, त्या हसतमुख वॉचमनचा. इतकी वर्षं! प्रभुदेसाईला अर्ध्या तासात माफ केलं आणि सख्ख्या बहिणीला असं गेटबाहेर बसवतो. मी तसं म्हणायला गेले तर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांनी कधी कुणाला असा हात लावलेला मला आठवत नाही.

"त्याला काही बोलू नका, भोईर," त्या म्हणाल्या. "बरोबर वागतोय तो. मी त्याच्या जागी असते तर डबासुद्धा घेतला नसता." त्यांनी केबिनकडे बघितलं, आणि त्यांच्या आवाजात मला चक्क कौतुक ऐकू आलं. "टिपणीस आहे शेवटी."